देवाचा बैल

अन्याय झाला तो आडकूजींवर. इंग्रज गेल्याच्या तिसऱ्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. हे आधीच सांगतो, कारण आमच्या तिरोड्यात आडकूजींचं नाव काढलं की लोक पहिले हसतात.

स्टेशनावर पॅन्टवाला उतरला की आडकूजी त्याच्यापुढे उभे. "राम राम साहेब. बैल आणला का?" विमा एजंट, गुरांचा डॉक्टर, कोणी सुटलं नाही. एकदा नवरदेवालाच अडवलं. त्याचा मामा भडकला, "बैलाचं काही ठरलं नव्हतं!"

ठाण्यातही जाऊन आले. हवालदारानं विचारलं, "रंग?"

"शेंदरी."

"दात किती?"

"दात नाईत."

"चारा काय खाते?"

"काईच नाई खात."

"मंग चोर तुया फायदाच करून गेला नं गा!"

बैल लाकडाचा होता. वीतभर उंच, चार चाकांचा, एक शिंग मोडलेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं दोरानं ओढत घरोघर खाऊ मागतात, तसला. त्याच दिवशी राजधानीच्या मानववंश-संग्रहालयासाठी वस्तू गोळा करणारे दोन साहेब गावात आले. आडकूजींच्या ओसरीवर शेंदूर लावलेला, हार घातलेला बैल दिसला.

"हा कुणाचा?"

"देवाचा."

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. "पाहायला नेऊ का?"

"न्या नं."

आमच्याकडे पाहायला नेलेली वस्तू संध्याकाळी परत येते, मग ती चाळणी असो की बैलजोडी. साहेबांची संध्याकाळ अजून व्हायची आहे. दोर तेवढा "हा नको" म्हणून अंगणात टाकून गेले.

मी पत्रक काढलं. मथळा: 'गावचा देव परत द्या!' वाचून दाखवलं तर आडकूजी माझ्यावरच उखडले. "देव कायले लिवलास? बैल हाय थो!"

"देव म्हटलं की सरकार घाबरतं, आडकूजी."

"सरकार घाबरो का नाचो. बैल तं बैलच हाय."

शेवटी यंदा मीच त्यांना राजधानीला नेलं. दालनामागून दालनं. मुखवटे, भाले, कुणाच्या तरी आजीचा कंगवा. सगळ्या देशातल्या माणसांचं हे संग्रहालय, पण माणसाला टेकायला एक बाक नाही. आणि एका काचेच्या पेटीत आमचा बैल. पाटी मी मोठ्यानं वाचली: 'देवाचा बैल. झाडीपट्टीतील आदिम दैवत. पूजाविधी अज्ञात.'

"आदिम म्हंजे?"

"फार जुनं."

"बराबर हाय. साठी उलटली माई."

पहारेकरी खेकसला, "दूर से, बाबा! देवता है." आरडाओरडा ऐकून अधिकारीही आला. म्हणाला, "वस्तू आता राष्ट्राची आहे."

"राष्ट्र ओढते का त्याले?"

आता जुंपणार म्हणून मी पिशवीतून पत्रकं काढली. पण आडकूजींनी बंडीच्या खिशातून दोर काढला. काळा पडलेला, टोकाला इवल्या मुठीचा फास.

"नाई देत तं नका देऊ. येवढा बांधून द्या. दोराबिगर देवा ओढन कसा?"

"देव कसा ओढेल, आडकूजी?" मी म्हणालो.

"देव नाई गा. देवा. पोरगा माया. देवी आल्या त्या साली गेला." त्यांनी काचेला कपाळ टेकवलं. "शिंग त्यानंच मोडलं. पुढच्या पोळ्याले नवं लावून देतो, म्हनलो होतो मी."

अधिकाऱ्यानं दोर हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "हा मूळ वस्तूचा भाग नाही."

परतीच्या गाडीत आडकूजींनी दोर गुंडाळून पुन्हा बंडीच्या खिशात ठेवला. तिरोड्याला उतरल्यावर फलाटावर एक पॅन्टवाला दिसला, आणि ते धोतराचा सोगा सावरत त्याच्याकडे निघाले.

वाचणाऱ्या, हसून झालं असेल तर पोस्टकार्ड घे. त्या संग्रहालयाच्या प्रमुखाला माझ्या पत्रकातलं काही लिहू नकोस. मथळाच चुकला होता. एवढंच लिही: देवाचा बैल देवाच्या बापाला परत करा. पोळ्याच्या आत. आणि आजच टाक.