गाद्यांच्या दुकानातला गार्ड

‘या गावात गुन्हे कमी होतात, कारण गुन्हेगारांना माझा पत्ता ठाऊक आहे,’ असं माझा धाकटा भाऊ ऑर्विल सांगतो. पत्ता सगळ्यांनाच ठाऊक आहे. तो माझ्या शिवणकामाच्या दुकानामागे राहतो. जन्मभर कॉलेजच्या मैदानाबाहेर चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांवर दंडाच्या पावत्या चिकटवल्या आणि निवृत्त झाल्यावर थेट गुप्तहेर बनला. मी त्याची साहाय्यक. म्हणजे गाडी माझी, पेट्रोल माझं.

शुक्रवारी सकाळी कोर्डेल बँक्स दुकानात आला आणि दारात उजेड यायचा थांबला. पोरगा आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात गार्ड आहे. चेंडू फेकणाऱ्या देखण्या पोराच्या पुढ्यात उभं राहायचं आणि अंगावर येतील त्यांना आडवं करायचं, एवढंच गार्डचं काम. त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा जाहिरातींत वापरू देऊन कमवायची मुभा मिळाल्यापासून देखणा पोरगा बर्गरपासून ट्रकपर्यंत सगळीकडे हसतोय. कोर्डेलला मात्र एकच करार मिळाला होता, टॉलिव्हरच्या गाद्यांच्या दुकानाचा. त्याचा पुठ्ठ्याचा पुरुषभर पुतळा, खाली त्याचं नाव आणि ओळ: ‘आडवं करावं तर मीच.’

मोबदला म्हणून त्याने आईसाठी पलंग आणि गादी मागितली होती. ती कोंबड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभी असते आणि पाठीमुळे रात्री खुर्चीत झोपते. अट एकच, शनिवारच्या सामन्यापर्यंत पुतळा लोकांसमोर उभा हवा. आणि पुतळा दुकानातून गायब होता. टॉलिव्हर म्हणत होता, आता पलंग विसर, करार देखण्याला देतो.

ऑर्विलने करार वाचला. त्यात लिहिलं होतं: नाव, चित्र आणि साधर्म्य.

“ताई, नाव पोराकडे आहे, चित्र चोरीला गेलंय. म्हणजे चोराकडे साधर्म्य असणार.”

मग कोर्डेलसारखे दिसणारे सगळे तपासले. खाटीक निघाला, चर्चमधला ऑर्गनवाला निघाला आणि एक फ्रीजही संशयितांत गेला. त्यानंतर विरोधी कॉलेजने पुतळा पळवलाय, खंडणीचा फोन येईल, असं ठरलं. फोन आला, पण एका बाईंना पडदे आखूड करून हवे होते. ऑर्विलने त्यात सांकेतिक भाषा शोधली.

शेवटी त्याने टॉलिव्हरला विचारलं, दुकानावर पहारा कुणाचा? टॉलिव्हर म्हणाला, दुकानावर कुणाचाच नाही. गार्ड आहे तो मैदानाबाहेर, सासूबाईंना उभा करायला सांगितलाय. सामन्याआधी आमचं सगळं गाव तिथे गाड्यांच्या मागे मांस भाजत बसतं आणि चांगली जागा आदल्या दिवशीच धरावी लागते.

“तोच चोर,” ऑर्विल म्हणाला आणि माझी गाडी घेऊन गार्डच्या शोधात गेला. संध्याकाळी हात हलवत परत आला. गार्ड फरार होता.

शनिवारी सकाळी कोर्डेलची आई बसने आली. तिला घेऊन मी मैदानाकडे निघाले. वाईट बातमी कशी सांगावी, हे मनात जुळवत होते. तेवढ्यात ती थांबली.

“हा आज एवढ्या लवकर उभा?”

सगळ्यात चांगल्या जागेच्या मधोमध पुठ्ठ्याचा कोर्डेल उभा होता. शेजारी टॉलिव्हरच्या सासूबाई खुर्ची टाकून कोंबडीचे तुकडे परतत होत्या. लोक रांग लावून त्याच्याबरोबर फोटो काढत होते आणि त्याचं नाव मोठ्याने वाचत होते. आईने रुमाल काढला आणि त्याच्या गालावरचा सॉस पुसला.

टॉलिव्हर धापा टाकत आला. सासूबाईंनी वरही पाहिलं नाही.

“तूच म्हणालास ना, जागेवर गार्ड उभा करा. केला. एक गाडी आत शिरली नाही.”

टॉलिव्हर काही बोलणार, तर रांगेतल्या दोघांनी त्याला गादीचा भाव विचारला. करार राहिला. पलंग त्याच दुपारी आईच्या घरी निघाला.

मी ऑर्विलकडे वळले. “तू काल इथेच आला होतास ना?”

“आलो होतो. याच माणसाला विचारलं, इथला गार्ड पाहिलास का. तोंड उघडलं नाही त्याने.” तो पुतळ्याकडे रोखून बघत म्हणाला, “जाताना खालचं नाव वाचून त्याच्या नावाने पावती फाडली आणि छातीवर चिकटवली, विनापरवाना उभा म्हणून.”

पावती अजून तिथेच होती. आईने तीही अलगद काढली, नाव वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली. पोराचं नाव असलेलं काहीही ती टाकत नाही.