चार्ज घेतला!

आमच्या समोरच्या घरातले मोहिते काका दात घासायला जातानासुद्धा चार्ज देऊन जातात.

मोबाईल हातात घेऊन आमच्या दारात उभे राहतात. "वनिता, चार्ज घे. दुसरा सेट, तीन-दोन, सर्व्हिस समोरचीची." मी पोळी लाटत असले तरी "घेतला" म्हणावं लागतं. तसं म्हटल्याशिवाय काका जागचे हलत नाहीत.

काकांनी आयुष्यात रॅकेट धरलेली नाही. अंबरनाथला केमिकलच्या कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट सांभाळली. पुढच्या माणसाने चार्ज घेतल्याशिवाय चालू प्लँट सोडून जायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. आता रिटायर झाल्यावर प्लँट नाही, म्हणून ते परदेशात ज्युनियर टेनिस खेळणारी आपल्या देशातली पोरं सांभाळतात. इथे कात्रपमध्ये घरात बसून, मोबाईलवरच्या स्कोअरवर. त्यातही नंबरातली पोरं नकोत. "जिंकणाऱ्याला बघायला जग आहे गं. पहिल्या फेरीत घरी जातात, त्यांना कोण बघतं?"

अशा प्रत्येकाला त्यांच्या रजिस्टरमध्ये एक पान. पहिली फेरी जिंकली की पान बंद.

रेवतीचं पान काही बंद होईना. सात स्पर्धा, सातही वेळा पहिल्याच फेरीत बाहेर. सातव्या वेळी तर जिंकत आली होती. काका चार्ज न देता दूध आणायला गेले आणि ती हरली. "माझी चूक. प्लँट उघडा टाकला मी," म्हणून काका आठवडाभर बिनदुधाचा चहा प्याले.

आठवी मॅच नैरोबीत, शुक्रवारी दुपारी. आणि त्याच्या आदल्या दिवशी कुळगावला काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मोबाईल बघायचा नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"वनिता, पूर्ण शिफ्ट तुझी."

उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मी धागे कापते. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे सबबही नव्हती. परभणीकडचं गाव सोडून इथे आल्यावर रेशनकार्डापासून नळापर्यंत माझी सगळी कामं या माणसाने केली. त्यांची पोरगी माझ्या चार्जमध्ये हरली तर?

"प्लँटची स्थिती?" हिरव्या पट्टीखालून काका दर मिनिटाला विचारत.

"तिसरा सेट, पाच-चार, आपण पुढे. सर्व्हिस आपली. फॉर्टी-थर्टी."

"म्हणजे एकच पॉइंट!"

आणि नेट गेलं. स्क्रीनवर नुसतं गोल गोल. मी गॅलरीत धावले, मोबाईल ग्रिलबाहेर काढून धरला.

"स्थिती सांग गं!"

"काका, सहा-चार! संपली! जिंकली!"

काका तसेच चाचपडत गॅलरीत आले आणि ओरडले, "पोरगी जिंकली!"

खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या नाईक काकू बाहेर आल्या. "कोणाची हो?"

"आपली!"

काकूंना वाटलं नातीने काहीतरी केलं. त्यांनी वाटीभर शिरा पाठवला. काकांना नात नाही, कोणीच नाही, हे त्यांना कुठे ठाऊक! शिरा खाताना काकांच्या गालावरून पाणी ओघळायला लागलं.

"काका, डोळ्याला पाणी नाही लागू द्यायचं!"

"बाहेरचं म्हणाले होते डॉक्टर. जा, रजिस्टर आण, पान बंद कर."

रेवतीच्या पानावर मी 'जिंकली' लिहिलं. पुढचं पान उलटलं, तर तिथे माझं नाव. 'वनिता. नववीत बाहेर. दुखापत नाही. परत उतरवायचे. सतरा नंबरचा फॉर्म, घरून अभ्यास करून दहावी.'

पान उलटल्याचा आवाज ऐकून काका म्हणाले, "सापडलं वाटतं."

"काका, हरले तर?"

"रेवती सातदा हरली." त्यांनी शिऱ्याची वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. "तुझा चार्ज मी दोन वर्षांपूर्वीच घेतलाय. तुला सांगायचा धीर होत नव्हता. फॉर्म कपाटात आहे, वरच्या खणात."