उशाजवळचे बटण

स्त्रियांच्या त्या वॉर्डात पंखा एक, खाटा सहा आणि मते सात होती. पोटावर टाके घेऊन पडलेल्या शिंपीणबाईंची एकट्यांचीच दोन होती. रोजच्या कटकटीला विटून अखेर नर्स म्हणाली, "बटण आत्याबाईंच्या उशाशी आहे. आता त्याच काय ते ठरवतील."

पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेल्या आत्याबाईंनी दोनदा आढेवेढे घेतले आणि तिसऱ्यांदा कोणी आग्रह करण्यापूर्वीच होकार दिला. घरी सुनेचा कारभार सुरू झाल्यापासून, भाजी कोणती करायची हेसुद्धा त्यांना कोणी विचारीत नसे.

पंख्यामागोमाग दिवा त्यांच्या ताब्यात आला, मग खिडकी, मग भेटायला येणाऱ्यांच्या वेळा. तिसऱ्या आठवड्यात कण्हण्यास मनाई झाली.

"अहो, दुखतं म्हणून कण्हते मी," शिंपीणबाई म्हणाल्या.

"मनातल्या मनात कण्हा. माझ्या वॉर्डात आजपासून कुणाचं काही दुखत नाही."

"आणि दुखलंच तर?"

"कण्हलं की पंखा बंद. सगळ्यांचा."

प्लास्टर निघाले, तरी पाय टेकवत नाही या सबबीवर आत्याबाईंनी खाट सोडली नाही. उलट आपल्या कारभाराची कीर्ती वरपर्यंत जावी म्हणून त्यांनी एक वही सुरू केली. रोज सकाळी त्या प्रत्येक खाटेपुढे 'प्रकृती उत्तम' असे लिहीत. स्वतःपुढे मात्र 'सर्वोत्तम'. इतरांच्या पंक्तीला बसणे त्यांना प्रशस्त वाटेना.

मोठे डॉक्टर फेरीला आले, तेव्हा आत्याबाईंनी वही ऐटीत पुढे केली. डॉक्टरांनी ती वाचली, गुडघा दाबून पाहिला आणि नर्सला म्हणाले, "यांच्या सुनेला निरोप धाडा. आजच घरी सोडू."

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "अहो, ते आपलं लिहायचं म्हणून लिहिलंय. पाय ठणकतोय माझा."

"वहीत तर तसं काही नाही." डॉक्टर इतरांकडे वळले. "या कधी कण्हल्या का हो?"

"कधीच नाही," पाचही जणी एका सुरात म्हणाल्या. इतके एकमत त्या वॉर्डाने पूर्वी पाहिले नव्हते.

मग आत्याबाई कण्हल्या. चांगले लांबलचक, दारातला शिपाई वळून पाहील असे.

शिंपीणबाई पोट सावरीत उठल्या, सावकाश आत्याबाईंच्या उशाशी आल्या आणि त्यांनी बटण बंद केले.

"माफ करा हं, आत्याबाई," त्या अदबीने म्हणाल्या, "नियम तुमचाच आहे."