वरची उजवी सहावी

आमच्या वरच्या मजल्यावरचे मिलिंद डॉक्टर माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, दाढेवरून ओळखतात. टिळकवाडीतल्या या इमारतीत आम्ही चार वर्षं एकाच जिन्याने चढतो-उतरतो. तरी एकदा मी माझ्याच दाराला कुलूप लावत असताना त्यांनी आपुलकीने विचारलं, "कुणाकडं आला व्हता? बाई घरात न्हाईत वाटतं."

तेव्हा ते डॉक्टर आहेत हेही मला ठाऊक नव्हतं. दारावर पाटी नाही, गावात दवाखाना नाही. रोज सकाळी दोन जड बॅगा घेऊन हा माणूस निघायचा. सोमवारी संकेश्वरच्या बसला, मंगळवारी निपाणीच्या, बुधवारी खानापूरच्या. मी भूगोलाची शिक्षिका, कोण कुठून कुठे जातं याची मला भारी चौकशी. हा काहीतरी विकत फिरतो, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

मग माझी दाढ दुखायला लागली. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि हात आखडता घेतला. "मुळं वाकडी आहेत. गुरुवारी या, आमच्याकडे रूट कॅनॉलचे स्पेशालिस्ट येतात."

"अहो, दातांच्या डॉक्टर तुम्हीच ना? मग दाताला आणखी वेगळा डॉक्टर कशाला?"

त्या हसल्या. "साधी रूट कॅनॉल मी करते. अशी अडलेली असली की त्यांना बोलावते. आमचं शिक्षण संपल्यावर ते आणखी तीन वर्षं फक्त दाताच्या आतलंच शिकलेत."

गुरुवारी खुर्चीत पडले, तर माझ्यावर वाकलेला माणूस म्हणजे आमचा वरचा मजला! दोन्ही बॅगा शेजारी उघड्या. आत एक छोटं मशीन आणि केसाएवढ्या बारीक कानशी. डोळ्यांवर सोनाराचं असतं तसं भिंग. माझ्या दाढेभोवती रबराचा पडदा ताणून ते तासभर आत काहीतरी शोधत होते. आतली दुखरी शीर काढायची, नळ्या साफ करून भरायच्या आणि दाढ जागच्या जागी ठेवायची, एवढं मला डॉक्टरीणबाईंनी आधी समजावलं होतं. नळ्या तीन सापडल्या होत्या. मग एकदम आवाज आला, "घावली! चौथी लपून बसलीती. हिला सोडली असती तर पुन्हा ठणकली असती."

मी तोंड उघडं टाकून पडलेली, त्यामुळे माझे सगळे प्रश्न घशातच राहिले. ते निघताना मी कसंबसं विचारलं, एवढा खटाटोप करण्यापेक्षा काढूनच टाकली असती तर? डॉक्टर दुखावले. "काढायला काय लागतंय? ठिवून दाखवा की!" हे त्यांचं पालुपद आहे, हे मला पुढे कळलं.

त्या दिवसापासून मात्र त्यांना माझी ओळख पटली. नावाने नव्हे, दाढेच्या नंबराने. भर भाजीबाजारात हाक आली, "ओ वरची उजवी सहावी! चावतंय का?" भाजीवालीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी "हो हो" म्हणून मेथीच्या जुडीआड तोंड लपवलं.

"चावतंय का?" हा प्रश्न ते जिन्यात, बसथांब्यावर, बँकेच्या रांगेत, कुठेही विचारतात. खिशात फुटाण्यांची पुडी असतेच. आमच्या इमारतीतल्या एका लग्नाला आम्ही सगळे संकेश्वरला गेलो होतो, तिथं तर कहर झाला. पंगतीत फेटेवाले एक आजोबा जेवत होते. डॉक्टर त्यांच्यासमोर उकिडवे बसून निरखत राहिले आणि न राहवून म्हणाले, "आप्पा, डावीकडनं चावा की!"

"तू कोण रं?"

"तुमची डावी दाढ मी केलती, इथंच, संकेश्वरात."

"ती आमच्या डॉक्टरनं केली. तू तवा कुठं व्हतास?"

"तुमच्या तोंडातच व्हतो की, दीड तास!"

आजोबांचे दोन पुतणे पंगतीतून उठले. मी मध्ये पडले म्हणून निभावलं. परतताना बसमध्ये डॉक्टरांनी फुटाण्यांची पुडी खिशात परत कोंबली. मग म्हणाले, "बाई, माणसं दातावर कॅप बसवायला आपल्या डॉक्टरकडं परत जात्यात. बरं वाटलं तर त्यास्नीच सांगत्यात. माझं दात जगलं का मेलं, मला कोण सांगणार?"

मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले. कारण खरं सांगायचं तर मी त्यांना थाप मारत होते. कॅप बसल्यापासून मी डावीकडूनच चावत होते. एवढी मेहनतीने राखलेली दाढ, उगाच मोडली तर?

मग एका रविवारी कळलं, की डॉक्टरांच्या आई, आक्का, निपाणीहून आल्यात आणि जुन्या कपड्यांची वाकळ शिवायला घेतलीय. मी दोन जुन्या शहापुरी साड्या घेऊन वर गेले. डॉक्टर चहा टाकायला आत गेले. आक्का जमिनीवर वाकळ पसरून बसल्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, "तुम्ही त्या चौथ्या नळीच्या बाई न्हवं? त्या दिशी लई खूश व्हता. फोनवर मला समदं सांगतोय, कुणाची दाढ, किती नळ्या."

मग त्यांनी आपलं सांगितलं. जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. दाढ दुखली की काढून यायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर. ठेवायची म्हणजे चार खेपा, चार खाडे. "हा पाचवीत असताना माझी काढल्याली दाढ रुमालात बांधून साळंत घिऊन गेला. मास्तरला इचारायला, परत बसवता येती का म्हणून."

आता आक्कांचे समोरासमोरचे दोनच दात उरलेत, वर एक, खाली एक. वाकळीचा दोरा त्या दोन दातांतच तोडायच्या. त्यातला खालचा सडला. सगळ्यांनी तो काढून टाका म्हटलं. लेकाने दोन महिन्यांपूर्वी तीन बैठकांत तो वाचवला.

बोलता बोलता आक्कांनी बाजूची कात्री उचलून दोरा कापला.

"आक्का, दातानं नाही तोडत?"

"लेकानं एवढा राखलाय. मोडला म्हंजे?"

"आणि ते काही म्हणत नाहीत?"

"कात्री बघतोय आन् गप बसतोय. समद्या गावाला इचारतोय, मला न्हाय."

मला स्वतःची लाज वाटली आणि ती मी बोलून टाकली. "आक्का, मीसुद्धा अजून डावीकडूनच चावते."

आक्कांनी सुई वाकळीत खोचली. मग हसल्या, ते दोन दात दाखवून. "मग आपल्या दोघींचं दात त्यानं कशाला राखलं म्हणायचं?"

समोर वाटीत फुटाणे होते. मी एक उचलला, उजवीकडे सारला आणि डोळे मिटून चावला. कुडुम! काही झालं नाही. तेवढ्यात आक्कांनी दोरा तोंडात धरला आणि हिसका दिला. टक्.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. हातात गाळणं घेऊन डॉक्टर दारात आले. जगभर 'चावतंय का?' विचारत फिरणारे डॉक्टर आता वाकून तुटलेल्या दोऱ्याचं टोक निरखायला लागले. शेवटी म्हणाले, "आई, परत एकदा."

"दोरा वाया जातोय रं," असं म्हणत आक्कांनी पुन्हा तोडला. मग कात्री त्यांच्या हातात दिली. "ही ठिव जा कपाटात."

डॉक्टर एका हातात गाळणं, एका हातात कात्री घेऊन तसेच उभे राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. आत चहा उतू जात होता. आम्हा तिघांपैकी कुणीही उठलं नाही.