आमच्या बागेची तपासणी

सरकारी पैसा संपला की बाग संपते, हे मला मान्यच नव्हतं. आमच्या पेठेत उकिरडा होता तिथं एका योजनेतून बाग झाली. हिरवळ, गुलाब, कारंजं, बसायला बाक. पुढं योजना आटोपली, माळी निघून गेला आणि कचेरीतून निरोप आला: पेठेनं बाग राखली तर ठीक, नाहीतर तिथं डांबराची पिंपं ठेवू. "राखू की!" मी भर सभेत म्हणालो आणि बाग समितीचा अध्यक्ष झालो.

अध्यक्ष या नात्यानं मी रोज बाकावर आडवा होऊन बागेचा विचार करायचो. विचारात डोळा लागायचा, आणि मग बाग अशी फुलायची की काय सांगू! कारंजं थुईथुई नाचतंय, गुलाब कलिंगडाएवढे, जोतिबाला निघालेली माणसं वाट वाकडी करून बाग बघायला येतायत. जाग यायची तेव्हा गवत गुडघाभर वाढलेलं असायचं.

"अध्यक्ष, म्हशी सोडू का आत?" दस्तगीर गवळ्यानं एकदा विचारलं. "गवत बी कमी हुईल, खत बी मिळंल."

झोप मोडू नये म्हणून मी मान हलवली. गवत बेतात आलं, गुलाबांनी बाळसं धरलं. संध्याकाळी दस्तगीर तिथंच धार काढू लागला, तसे तालमीतले पैलवान धारोष्ण दूध प्यायला जमू लागले. आधी झाडांना बादलीभर पाणी, मग दुधाचा पेला, असा त्यानं नियमच केला. मला हे सगळं झोपेत ऐकू यायचं आणि फार बरं वाटायचं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी कळलं, आज कचेरीतले साहेब तपासणीला येणार. बागेत म्हशी दिसल्या की आलंच डांबर! माझी झोप उडाली.

"दस्तगीर, आज म्हशींना रंकाळ्यात डुंबू दे. साहेब जाईस्तोवर आणू नकोस."

"नेतो की. पन पाडवा आत्ताच झालाय, अध्यक्ष. म्हशी अजून तापल्यात."

मी लक्ष दिलं नाही. पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून पळवतात. मालक पुढं फटफटीवर, तिचा सायलेन्सर काढलेला, आणि त्या आवाजामागं म्हशी. दस्तगीरनं आपल्या म्हशींना याचीच तालीम दिली होती.

मी निर्धास्तपणे आडवा झालो. लगेच स्वप्न पडलं. हलगी कडाडतेय, गुलाल उडतोय आणि फेटा बांधलेले साहेब मिरवणुकीनं माझ्या बागेत येतायत. मी हार घालायला पुढं झालो, तोच तोंडावर गरम, ओला श्वास आला. डोळे उघडले. समोर म्हैस होती. तिच्यामागं फेट्यातले साहेब खरेच होते.

झालं होतं असं की रंकाळ्याजवळ साहेबांच्या फटफटीचा सायलेन्सर गळून पडला. आवाज ऐकताच म्हशी पाण्यातून उठून मागं लागल्या. साहेब घाबरून जोरात, तशा म्हशीही जोरात. पेठेला वाटलं, कुणाची तरी मिरवणूक राहिली असावी. तालमीनं हलगी काढली. चौकात साहेबांना अडवून फेटा बांधला.

"पावणं, लई भारी पळवलासा," पैलवान त्यांना म्हणत होते.

म्हशी आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. मागून धापा टाकत दस्तगीर आला, माझ्याकडं न बघता धारेला बसला. उन्हं कलली होती. फेसाचा पेला त्यानं साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो संपवला, आणखी एक मागितला, मग उठून एकेक गुलाब जवळून बघितला.

"डांबर दुसरीकडं ठेवू," ते म्हणाले. मला खरंच भरून आलं.

"पण इतकी छान बाग चालवतं कोण?"

मी टोपी सारखी केली, खाकरलो, उठून उभा राहिलो. तोवर सगळ्या पेठेनं दस्तगीरकडं बोट दाखवलं होतं. दस्तगीरनं म्हशीकडं.

आता अध्यक्ष दस्तगीर आहे. मलाही समितीत ठेवलंय. काम जबाबदारीचं आहे: म्हशी आत येताना बाकावरचे पाय वर घ्यायचे.