शेंड्याचा साचा

रहांगडाले मॅडम दातांच्या डॉक्टरकडे गेल्या आणि म्हणाल्या, "दातांचा साचा घ्यायचा मसाला असते ना, तो द्या."

"दात कोणाचे आहेत?"

"दात नाही. वांग्याचा शेंडा आहे."

डॉक्टरांनी मसाला दिला. मॅडमशी वाद घालून उपयोग नाही, हे आमच्या अख्ख्या कुडवा गावाला ठाऊक आहे.

मॅडम माझ्या शेजारी. जन्मभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, एकट्याच राहतात. रोज सकाळी अंगणात पालथ्या पडायच्या, सुईने वांग्याच्या शेंड्याची कोवळी पानं बाजूला सारायच्या आणि मोहरीहून लहान टोकावर मसाला लावायच्या. सुकलेला साचा मग जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली. दूधवाल्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने बोंबच ठोकली. मॅडम पडल्यापडल्याच म्हणाल्या, "मेली नाही मी. काम करून राहिली. दूध ठेव अन् जा."

दहा रोपं हातातच मेली. अकरावं माकडांनी खाल्लं. बाराव्याला जाळी बांधून मॅडम स्वतः खाट टाकून राखणीला बसल्या.

"काऊन एवढा त्रास?" मी विचारलं.

"पान फुटते कसं, ते पाहाले पाहिजे ना!"

एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "भाऊ, या लवकर!" एकाच शेंड्याचे चार दिवसांचे चार साचे मी पाहिले. कडेच्या पेशी फुगत होत्या, तिथे पानाचा उंचवटा येत होता. पण तो उंचवटा आणि शेंडा यांच्यामधल्या खाचेतल्या पेशी चक्क लहान झाल्या होत्या.

"सगळं वाढूनच होते, असंच शिकवलं मी," मॅडम म्हणाल्या. "हे तं आकसतेही! म्हणून घडी पडते, अन् पान वेगळं होते. गाडी काढा. नवेगाव बांधला जायचं आहे."

वाटेत कारण कळलं. पान शेंड्यापासून वेगळं कसं होतं, हे कित्येक वर्षांपूर्वी वर्गात ललिता नावाच्या मुलीने विचारलं होतं. मॅडमना येत नव्हतं. 'अभ्यासक्रमात नाही' म्हणून त्यांनी तिला दरडावून खाली बसवलं. त्याच उन्हाळ्यात तिचं नवेगाव बांधला लग्न झालं, शाळा सुटली.

"त्या दिवसानंतर तिनं वर्गात हातच वर नाही केला," मॅडम म्हणाल्या.

ललिता तळ्याकाठी मासे निवडत होती. मॅडमनी चार दिवसांची चार चित्रं काढून आणली होती. ती दाखवून त्यांनी सगळं समजावलं, माफीही मागितली.

"मॅडम, मी तं इसरून गेली होती!"

"मी नाही इसरली."

ललिताने हात लुगड्याला पुसले, चित्रं घेतली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"मंग मॅडम, त्या आकसलेल्या पेशी पुन्हा वाढत नाही का?"

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा पुसला.

"मले नाही माहीत, बाई," त्या म्हणाल्या. "पाहते, अन् मंग तुले सांगाले येते."