आराम करून राहिली

ओमेश्वरीबाई भर दुपारी अंगणातल्या बाजेवर आडव्या झाल्या आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. खरं तर घोळ व्हावा असं त्यांनी काहीही केलं नव्हतं. धान घरात आलं होतं, पोती रचून झाली होती, अंगणात हिवाळ्याचं मऊ ऊन पडलं होतं. जेवणाची भांडी मोरीत तशीच ठेवून, उकडलेल्या शिंगाड्यांची वाटी उशाशी घेऊन आणि रेडिओ लावून बाई पाय पसरून पडल्या. कुडवा गावातल्या त्या घरात सून म्हणून आल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं.

याला कारण म्हैस. म्हैस चरून परतली की ओमेश्वरीबाई रोज तिच्या पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, "बस वं माय, थकली असशील." म्हैसही शहाण्यासारखी बसे. आदल्या संध्याकाळी असंच म्हशीला बसवून त्या घराकडे वळल्या, पायरी चढताना गुडघ्यातून कळ आली आणि तोंडातून निघालं, "काय मेली म्हातारीसारखी चालून राहिली, चाल लवकर." हे त्या स्वतःला म्हणाल्या होत्या. म्हणाल्या आणि पायरीवरच थबकल्या. म्हशीला एक भाषा आणि स्वतःला दुसरी? म्हैस दूध देते हे खरं, पण ते दूध काढतं कोण, तापवतं कोण आणि उतू गेलं तर शिव्या खातं कोण? रात्रभर त्यांना ते खुपत राहिलं. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर त्यांनी बाज उन्हात ओढली, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून स्वतःच्याच गुडघ्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "बस वं माय, थकली असशील." आणि बसल्या. मग लवंडल्या.

नेमका तेव्हाच नागपूरहून खुमेंद्रचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, फोन आला. फोन घेतला जीवनलालांनी. जीवनलाल हे ओमेश्वरीबाईंचे यजमान, सहकारी संस्थेतून निवृत्त झालेले, स्वभावाने सरळ आणि बोलायला मोजके. मोजकेपणानेच घात केला.

"बाबा, आई कोठी हाय?"

"आराम करून राहिली."

"काय करून राहिली?"

"आराम गा. आंगणात."

पलीकडून आवाजच येईना. आता यात घाबरण्यासारखं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण आमच्याकडे आराम ही काही बायकांनी आपल्या मनाने करायची गोष्ट नाही. आराम डॉक्टर सांगतो. ऑपरेशन झालं की आराम, टायफाइड झाला की आराम. खाटेवरच्या माणसाला लोक विचारतात तेही 'आराम हाय का?' असंच. धडधाकट बाई आराम करते हे वाक्य खुमेंद्रने जन्मात ऐकलं नव्हतं. त्याने घाईने फोन ठेवला आणि स्वतःला लगेच निघता येत नव्हतं म्हणून चिचगडला धुरपता आत्याला लावला. "आत्या, डॉक्टरनं आईले आराम सांगतला," असं तो म्हणाला. तो खोटं बोलला नाही, फक्त वाक्यात डॉक्टर कमी होता तो त्याने भरून काढला. धुरपताबाईंनी लगेच मुर्रीला चुलतभावाकडे फोन लावला आणि सांगितलं, "ओमेश्वरी उठूनच नाही राहिली म्हन्ते."

इकडे चहाची वेळ झाली. जीवनलाल बाजेजवळ येऊन नुसतेच उभे राहिले. ओमेश्वरीबाईंनी शिंगाड्याचं साल काढता काढता सांगितलं, "आज तुमी मांडा."

जीवनलाल स्वयंपाकघरात गेले. पातेलं सापडलं, दूध सापडलं, साखर काही सापडेना. बायकोला विचारावं तर तिचे डोळे मिटलेले. शेवटी त्यांनी कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या जमुनाबाईंना हाक मारली. "बाई, आमच्या घरी साखर कोठी ठेवते तुमाले माहीत हाय का?"

जमुनाबाईंचा हात छातीवर गेला. जीवनलाल आणि साखर! एवढ्यावरून त्यांना जे समजायचं ते समजलं, आणि दिवे लागेपर्यंत आळीलाही समजलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं होतात न होतात तोच लोक यायला लागले. कोणी मोसंबी आणली, कोणी बिस्किटाचे पुडे आणले, कोणी नारळ. ओमेश्वरीबाई आता रोज दुपारी पडायचं ठरवल्याप्रमाणे बाजेवर होत्याच. म्हणजे येणाऱ्याला खात्रीच पटत होती. अंगणात सतरंज्या पडल्या, शेजारच्या खुर्च्या आल्या आणि जो येई तो आवाज खाली उतरवून बोले.

मुर्रीहून आले ते चुलतदीर दुलीचंद. आजाऱ्याला भेटायला जाणं हा त्यांचा आवडता उद्योग. रोगाचं नाव कळलं की त्याच रोगाने गेलेल्या माणसांची हकीकत ते आजाऱ्याच्या उशाशी बसून सांगत. पण इथे त्यांना रोगच मिळेना.

"वहिनी, काय होते?"

"काही नाही होत."

"डोकं?"

"नाही."

"छातीत?"

"भाऊजी, शिंगाडा खा. गोड निंगाले यंदा."

दुलीचंदांनी शिंगाडा घेतला, पण त्यांचा चेहरा पडला. त्यांनी जीवनलालांना गोठ्याकडे नेलं. "तिले सांगतलं नाही ना तुमी?"

"काय?"

"चांगलं केलं. सांगू बी नका." आणि त्यांनी जीवनलालांचा खांदा दाबला.

झालं. यानंतर ओमेश्वरीबाई जितक्या ठणठणीत आवाजात "मले काही नाही झालं" म्हणत, तितके लोक एकमेकांकडे बघून डोळे पुसत. बिचारीला कल्पनाच नाही, असं म्हणत. एक बाई तर म्हणाली की चेहऱ्यावर तेज दिसतं, शेवटी शेवटी दिसतंच तसं. ओमेश्वरीबाईंच्या चेहऱ्यावर तेज होतं हे खरं आहे. त्या दोन दिवस दुपारी झोपल्या होत्या.

इतक्या लोकांनी इतक्या गंभीरपणे खांदा दाबल्यावर जीवनलालांनाच शंका यायला लागली. जरा गर्दी पांगलेली पाहून ते बाजेजवळ उकिडवे बसले.

"तुले खरंच काही नाही ना?"

"काहीच नाही."

"मंग दोन दिस बिमार हाय म्हण ना वं. काही बी सांग. अपचन सांग. लोकायचं समाधान होईन, ते जातीन, तू बी पडून राह्यशील. तुझं काय जाते?"

ओमेश्वरीबाई कुशीवर वळल्या. "माझंच तं जाते. बिमार म्हटलं तं बरी व्हाच लागन. बरी झाली का उठाच लागन. मंग दुपारी पडाले दरवेळी एक नवा रोग कोठून आणू? मी बिमार नाही. मले बरं नाही वाटत म्हणून नाही झोपली मी, मले बरं वाटते म्हणून झोपली. हेच सांगीन. सगळ्यायले सांगीन."

जीवनलाल तिच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात आपण ही बाई दुपारी नुसती पडलेली पाहिलेली नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली. लाज वाटल्यावर काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते उठून चहा ठेवायला गेले.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि चिचगडहून धुरपताबाई आल्या. जीवनलालांची ही मोठी बहीण. घरातल्या सगळ्या सुना तिला वचकून असत. पहाटेची बस पकडून, देवरीला बस बदलून, हातात काढ्याची बाटली सांभाळत त्या आल्या होत्या. जंगलातलं काहीबाही उकळून केलेला तो हिरवाकाळा काढा. धुरपताबाईंनी भावजयीचं कपाळ पाहिलं, नाडी पाहिली, जीभ काढायला लावली आणि पदर कमरेला खोचला.

"इले तं काहीच नाही झालं."

"तेच सगळ्यायले सांगून राहिली, बाई," ओमेश्वरीबाई म्हणाल्या.

"मंग पडून काऊन हायेस?"

"आराम करून राहिली."

"चांगली हायेस तं ऊठ. दारात एवढे लोक, अना माझा भाऊ चुलीपाशी. ऊठ, चाय मांड."

दुलीचंदांनी हातातली मोसंबी सोलायची थांबवली. या नणंदेपुढे ओमेश्वरीबाईंनी आजवर मान वर केली नव्हती. आत्ता उठून चूल गाठली असती तर सगळं मिटलं असतं, आणि पुढच्या सगळ्या दुपारीही मिटल्या असत्या. त्यांनी बाजेची दोरी घट्ट धरली.

"चांगली हाव, बाई. पण उठत नाही. चाय ते करून राहिले, चांगली करतेत. साखर जरा जास्त टाकतेत, बस."

"लाज नाही वाटत? मी लगीन होऊन गेली चिचगडले तवापासून दुपारी पाठ टेकली नाही. सासू असतानी नाही, सासू गेल्यावर बी नाही. बाळंतपणात नाही टेकली. ताप असला तरी महूची फुलं वेचाले गेली. एक दिस नाही..." धुरपताबाईंनी सुरुवात मोठ्या तोऱ्यात केली होती, पण यादी लांबत गेली तसा आवाज कुठेतरी घसरत गेला.

त्या उभ्याच होत्या. बसच्या प्रवासाने पाय सुजले होते, चपलेचा पट्टा कातडीत रुतला होता. ओमेश्वरीबाईंचं लक्ष त्या पायांकडे गेलं आणि काय बोलतोय हे कळायच्या आत तोंडून निघून गेलं, "बस वं माय, थकली असशील."

भिंतीपाशी उभ्या जमुनाबाईंनी तोंडावर पदर धरला. रोज संध्याकाळी गोठ्यातून ऐकू येणारं ते वाक्य त्यांना पाठ होतं.

धुरपताबाईंचे डोळे बारीक झाले. "मोठ्या नणंदेले 'वं' म्हणून राहिली? अना हे तं तू म्हशीले म्हणते. मागं आली होती तई ऐकलं मी."

"हो, म्हशीलेच म्हणत होती," ओमेश्वरीबाई म्हणाल्या. घाबरायची वेळ निघून गेली होती. "इतके वर्स तिलेच म्हटलं. काल पह्यल्यांदा स्वतःले म्हटलं. आज तुमाले. तुमाले कोणी म्हटलं का आजपर्यंत?"

कोणी म्हटलं नव्हतं. धुरपताबाईंनी आठवून पाहिलं असावं. मग त्यांनी चपला काढल्या, बाजेच्या कडेला टेकल्या आणि पदराने एकदाच, जोरात, नाक पुसलं.

"सरक तिकडे," त्या म्हणाल्या. "पाय तं लांब करू दे."

ओमेश्वरीबाई सरकल्या. वाटीतले शिंगाडे मध्ये ठेवले. रेडिओचा आवाज थोडा मोठा केला. जमुनाबाई भिंतीपलीकडे दिसेनाशा झाल्या आणि थोड्या वेळाने स्वतःची बाज डोक्यावर घेऊन फाटकातून आत आल्या. "आमच्याकडे ऊन नाही येत," असं त्यांनी कोणी न विचारता सांगितलं. त्यांच्याकडे ऊन येत होतं. दुलीचंद मोसंबी घेऊन उठले. ज्या घरात कोणी मरायला तयार नाही तिथे थांबण्यात त्यांना अर्थ दिसेना. काढा मात्र इतक्या लांबून आलेला, परत न्यायचा कसा, म्हणून धुरपताबाईंनी झोपता झोपता हुकूम सोडला आणि तो जीवनलालांना प्यावा लागला.

तोंडाचा कडूपणा अजून गेला नव्हता तोच फोन वाजला. चिचगडहून घनश्याम, धुरपताबाईंचा मुलगा.

"मामाजी, मामी कशी हाय आता?"

"मामी मजेत हाय."

"मंग माय परत कई निंगते? तिले फोनवर बोलवा ना जरा."

जीवनलालांनी दारातून अंगणात पाहिलं. धुरपताबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या आणि ओमेश्वरीबाई त्यांच्या पायांवर चादर सारखी करत होत्या.

"आता नाही येत ती," जीवनलाल म्हणाले. "आराम करून राहिली."

पलीकडून आवाजच येईना. मग घनश्याम हळूच म्हणाला, "मामाजी, आमी सगळे जीप करून निंगतोच."

जीवनलालांनी फोन ठेवला आणि फळीवरून मोठं पातेलं काढलं. साखर शोधावी लागली नाही. डबा त्यांनी कालच आपल्या सोयीच्या जागी हलवला होता, आणि तो कुठे आहे हे आता त्या घरात त्यांच्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं.